स्पर्जन पाळक आणि त्यांच्या मंडळीचा रौप्यमहोत्सव

आपल्या मंडळीच्या पाळकाचा सत्कार करावयाचा असला म्हणजे काय काय करावें लागतें, हें आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. प्रथम एक कमिटी नेमतात. मग हार कोणी आणावा, मानपत्र कोणी लिहावें, गीतें कोणी बसवावीं, मंडप कोठें घालावा, चहा-फराळास खर्च किती येईल, थैलींत रक्कम किती जमेल, ह्या गोष्टींचा खल चालतो. मुलांस ह्या गडबडींत मौज वाटते, आणि ती वाटावी हें योग्यच आहे. ज्या मनुष्यानें आपल्या घरच्या लग्नांत, आजारांत व मृत्यूच्या प्रसंगीं आपल्या पाठीशीं उभें राहून वर्षानुवर्षें सेवा केली, त्याचे उपकार आनंदानें बोलून दाखविणें हा कृतज्ञतेचा धर्म होय. परंतु ज्याचा सत्कार करावयाचा त्यास तो कसा आवडेल, आणि समारंभ आटोपून पताका उतरल्यावर मागें काय उरेल, हे दोन प्रश्न कमिटीच्या यादींत क्वचितच असतात. ह्या प्रश्नांचें उत्तर ज्यांच्या चरित्रांत फार चांगलें सांपडतें, अशा एका इंग्रज पाळकाची हकीकत आम्ही आज आमच्या बालवाचकांस व त्यांच्या आईबापांस सादर करीत आहों.

चार्ल्स हॅडन स्पर्जन यांचा जन्म इंग्लंडांतील एसेक्स परगण्यांत केल्व्हेडन नांवाच्या गांवीं ता. १९ जून १८३४ रोजीं झाला. त्यांचे वडील जॉन स्पर्जन हे कोळशाच्या एका वखारींत कारकून असून रविवारीं एका मंडळींत उपदेशाचें काम करीत. आजोबा जेम्स स्पर्जन हे स्टॅम्बोर्न नांवाच्या खेडेगांवीं पुष्कळ वर्षें पाळक होते. घरची स्थिति बेताचीच होती. आईबापांस एकंदर सतरा मुलें झालीं, व त्यांपैकीं नऊ बाळपणींच वारलीं. चार्ल्स हा सर्वांत वडील. तो वर्ष-सव्वा वर्षाचा असतांच त्यास आजोबांच्या घरीं नेऊन ठेविलें, आणि पांच-सहा वर्षांचा होईपर्यंत तो तेथेंच वाढला. पुढेंही सुटी लागली कीं त्याची धांव स्टॅम्बोर्नकडे असे.

आजीनें नातवास डॉ. आयझॅक वॉट्स यांचीं गीतें पाठ करावयास सांगितलें व दर गीतास एक पेनी बक्षीस ठेविलें. परंतु मुलाची स्मरणशक्ति इतकी तल्लख कीं आजीची पैशांची पिशवी हलकी होऊं लागली. तेव्हां तिनें तो दर अर्ध्या पेनीवर आणिला, व तरीही निभेना म्हणून पाव पेनीवर आणिला. इतक्यांत आजोबांच्या घरांत उंदीर फार माजले, आणि त्यांनीं डझनभर उंदीर मारणारास एक शिलिंग देण्याचें जाहीर केलें. शिलिंगाच्या बारा पेनी होत असल्यामुळें एका उंदरास एक पेनी पडत होती! चार्ल्सनें गीतें बाजूस ठेविलीं व उंदरांमागें लागला. पुढें मोठेपणीं ते ही गोष्ट हंसत हंसत सांगत. आणि उंदरांपासून मिळालेला पैसा तेव्हांच खर्चून गेला, पण आजीनें पाठ करविलेलीं गीतें आपणांस जन्मभर पुरलीं, असें तिचें तात्पर्य काढीत.

कोल्चेस्टर येथें शाळेंत असतांनाची दुसरी एक गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत ठेवावी. चार्ल्सची पाटीवरची पेन्सिल वरचेवर हरवे. एके दिवशीं अशीच ती हरवली. खिशांत तर पैसा नाहीं, आणि घरीं मागावा तर बोलणीं खावीं लागतील, ही भीति. तेव्हां त्यानें जवळच्या एका बाईच्या दुकानीं जाऊन एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, किंमतीची पेन्सिल उधार आणिली. नाताळांत कोणी तरी खाऊस पैसे देईल, तेव्हां फेडूं, असा त्याचा हिशेब होता. परंतु ही गोष्ट वडिलांच्या कानीं गेली. आज पाव पेनीची उधारी करणारा उद्यां घर बुडवील, असा अर्थ त्यांनीं त्याच्या मनावर इतक्या कडक शब्दांत बिंबविला कीं मुलगा रडत रडत दुकानाकडे गेला व तें कर्ज फिटलें तेव्हांच त्याच्या जिवांत जीव आला. त्या दिवसापासून त्यांच्या मनांत कर्जाविषयीं जी किळस बसली ती जन्मभर गेली नाहीं. ह्या पाव पेनीची आठवण वाचकांनीं ठेवावी. पुढें हजारों पौंडांचा हिशेब यावयाचा आहे, त्या वेळीं तिचा उपयोग होईल.

चार्ल्सचें शालेय शिक्षण कोल्चेस्टर व मेडस्टन येथें झालें, आणि पंधराव्या वर्षीं तो न्यूमार्केट येथील एका शाळेंत मदतनीस शिक्षक झाला. पाळकांच्या घराण्यांत जन्मूनही त्याच्या मनास ह्या काळांत शांति नव्हती. ता. ६ जानेवारी १८५० ह्या रविवारीं सकाळीं कोल्चेस्टर येथें बर्फाचें मोठें वादळ झालें. ठरलेल्या उपासनेस जातां न आल्यामुळें तो वाटेंतल्या एका लहानशा मेथडिस्ट मंदिरांत शिरला. तेथें दहापांच माणसें जमलीं होतीं. उपदेशकही एक साधा, अल्पशिक्षित मनुष्य होता. त्यानें यशया संदेष्ट्याच्या पंचेचाळिसाव्या अध्यायांतील एका वचनावर चार शब्द सांगितले, व समोर खिन्न बसलेल्या त्या परक्या मुलास उद्देशून देवाकडे पाहण्याची विनंति केली. तेवढ्यानें मुलाचें अंतःकरण बदललें. पुढें ज्याच्या उपदेशास हजारोंची दाटी होऊं लागली, त्याचें स्वतःचें जीवन बदलण्यास दहापांच माणसांची सभा पुरली, ही गोष्ट लहान मंडळ्यांत काम करणारांस मोठा धीर देणारी आहे. त्याच वर्षीं ता. ३ मे रोजीं लार्क नदींत आयलहॅम येथें त्याचा बाप्तिस्मा झाला.

नंतर तो केंब्रिज येथें शिक्षकाचें काम करूं लागला, आणि वयाच्या सोळाव्या वर्षीं टेव्हरशम ह्या खेड्यांतील एका झोंपडीवजा घरांत त्यानें पहिला उपदेश केला. इ. स. १८५१ च्या अखेरीस वॉटरबीच गांवच्या मंडळीनें ह्या सतरा वर्षांच्या मुलास आपला पाळक नेमिलें. मंडळी गरीब होती. वर्षास सुमारें ४५ पौंड वेतन मिळे. तेवढ्यांत खोलीचें भाडें भागवून पोट भरणें कठीण. परंतु गांवकरी आपल्या घरीं जें असेल त्यांतला वांटा तरुण पाळकाकडे पोंचवीत. कोणी पाव आणी, कोणी भाजीपाला, कोणी मांस. स्पर्जन यांनीं तें आनंदानें घेतलें व त्याची आठवण अखेरपर्यंत ठेविली. मंडळीकडून घेणें हें कमीपणाचें आहे, असें त्यांनीं कधींही मानिलें नाहीं, हें येथें सांगून ठेवणें जरूर आहे.

इ. स. १८५३ च्या डिसेंबरांत लंडनांतील न्यू पार्क स्ट्रीट मंडळीनें त्यांस एका रविवारीं उपदेशास बोलाविलें. ही मंडळी जुनी व एके काळीं मोठी नांवाजलेली. परंतु ह्या वेळीं तिची पडती कळा होती. बाराशें माणसें बसतील अशा मंदिरांत थोडेसेच लोक येत. खेड्यांतल्या शिंप्यानें शिवलेले कपडे, गळ्याभोंवतीं काळें जाड साटीनचें वस्त्र आणि हातांत पांढऱ्या ठिपक्यांचा निळा रुमाल, अशा थाटांत आलेल्या ह्या एकोणीस वर्षांच्या मुलास पाहून शहरी लोकांस हंसूं आलें. पण उपदेश ऐकल्यावर हंसूं थांबलें. पुढल्या एप्रिलांत, म्हणजे इ. स. १८५४ सालीं, मंडळीनें त्यांस कायमचे पाळक नेमिलें.

त्याच वर्षीं लंडनांत पटकीची भयंकर सांथ आली. नव्या पाळकास शहरांत येऊन वर्षही झालें नव्हतें. रात्रंदिवस बोलावणीं येत, आणि ते घरोघर जाऊन रोग्यांच्या उशाशीं बसत व मृतांस पोंचवीत. स्वतःचा देह थकून गेला तरी त्यांनीं तें काम सोडिलें नाहीं. पाळक व मंडळी ह्यांची गांठ व्यासपीठावरच्या वक्तृत्वानें बांधली जात नाहीं. ती अशा वेळीं बांधली जाते. पुढें पंचवीस वर्षांनीं ज्या नात्याचा उत्सव झाला त्याचा पाया ह्या सांथींत घातला गेला, असें आम्हांस वाटतें.

श्रोत्यांची संख्या इतकी वाढली कीं मंदिर अपुरें पडलें, व मोठमोठे दिवाणखाने भाड्यानें घ्यावे लागले. ता. १९ ऑक्टोबर १८५६ रोजीं सायंकाळीं सरे गार्डन्समधील म्युझिक हॉलांत उपासना चालली असतां कोणी तरी आग लागल्याची खोटी आरोळी ठोकली. हजारों लोक जिवाच्या भीतीनें दरवाजांकडे धांवले. त्या चेंगराचेंगरींत सात माणसें मृत्यु पावलीं व पुष्कळ जखमी झालीं. स्पर्जन ह्या वेळीं अवघे बावीस वर्षांचे होते. त्याच वर्षाच्या जानेवारींत त्यांचा सुझॅना थॉम्प्सन ह्यांच्याशीं विवाह झाला होता, व घरांत महिन्याभराचे जुळे मुलगे होते. ह्या आघातानें ते इतके खचले कीं त्यांच्या बुद्धीचीच काळजी वाटूं लागली. वर्तमानपत्रांनींही त्यांस कांहीं कमी बोल लाविले नाहींत. सुमारें दोन आठवड्यांनीं ते पुन्हां उपदेशास उभे राहिले. परंतु गर्दी पाहिली कीं त्यांच्या काळजांत धस्स होई, आणि ही व्यथा त्यांस जन्मभर पुरली. पुढल्या वर्षीं हिंदुस्थानांतील इ. स. १८५७ च्या उठावानिमित्त इंग्लंडांत उपासाचा व प्रार्थनेचा दिवस पाळण्यांत आला. त्या दिवशीं, ता. ७ ऑक्टोबर रोजीं, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें २३,६५४ श्रोत्यांपुढें त्यांनीं उपदेश केला. एवढा लोकसमुदाय ज्याच्यापुढें जमतो त्यास गर्व होण्यास वेळ लागत नाहीं. पण गर्दीचें प्रेम क्षणांत कसें जिवावर बेततें, हें ज्यानें विसाव्या-बाविसाव्या वर्षीं डोळ्यांनीं पाहिलें, त्यास टाळ्यांची भूल पडणें कठीण होतें.

आतां मंडळीसाठीं मोठें मंदिर बांधणें भाग पडलें. लंडनच्या दक्षिण भागांत न्यूइंग्टन येथें मेट्रोपॉलिटन टॅबर्नॅकल नांवाचें विशाल मंदिर उभारण्यांत आलें. त्यास सुमारें एकतीस हजार पौंड खर्च आला, व त्यांत पांच हजारांहून अधिक माणसांची सोय झाली. हें मंदिर इ. स. १८६१ च्या मार्चांत उघडलें, तेव्हां त्यावर एका पैचेंही कर्ज नव्हतें. वर्गणी जमविण्यासाठीं पाळकांनीं ठिकठिकाणीं जाऊन उपदेश केले, व कर्ज काढून इमारत पुरी करण्याचें सर्वथा नाकारिलें. पाव पेनीच्या पेन्सिलीनें शिकविलेला धडा एकतीस हजारांच्या कामीं असा उपयोगीं पडला!

ह्या काळांत त्यांनीं आरंभिलेलीं कामें पुष्कळ आहेत. गरीब तरुणांस उपदेशकाचें शिक्षण देण्यासाठीं त्यांनीं इ. स. १८५६ सालीं एका विद्यार्थ्यावर कॉलेज सुरू केलें. त्यांचे उपदेश इ. स. १८५५ पासून दर आठवड्यास छापून निघत, व त्यांच्या विक्रीचा पैसा ह्या कॉलेजाकडे जाई. इ. स. १८६० च्या सुमारास त्यांनीं अमेरिकेंतील गुलामगिरीचा कडक निषेध केला. तेव्हां तेथील दक्षिणेकडील संस्थानांत त्यांचीं पुस्तकें जाळण्यांत आलीं, व अमेरिकेंतील विक्री बसली. कॉलेजाचें नुकसान झालें, पण त्यांनीं आपला शब्द मागें घेतला नाहीं. इ. स. १८६६ सालीं ॲन हिलयार्ड नांवाच्या एका विधवा बाईनें अनाथ मुलांच्या आश्रमासाठीं वीस हजार पौंड देऊं केले, आणि त्यांतून स्टॉकवेल येथील अनाथाश्रम निर्माण झाला. तेथें मुलांस एका मोठ्या बराकींत कोंडलें नव्हतें. निरनिराळीं घरें बांधून प्रत्येक घरावर एक माउली नेमिली होती. सर्वांस एकसारखा गणवेश घालून त्यांचें अनाथपण जगापुढें मिरविण्याची चालही तेथें नव्हती.

ह्या आश्रमांतील एका घराची कथा आमच्या विषयाशीं फार निकट आहे. इंग्रज लोकांत लग्नास पंचवीस वर्षें पूर्ण झालीं म्हणजे पतिपत्नी रौप्यविवाहाचा दिवस पाळतात, आणि आप्तमित्र त्यांस देणग्या देतात. एका बाईस ह्या दिवशीं तिच्या पतीनें पांचशें पौंड भेट दिले. तिनें दागिना केला नाहीं. ती सर्व रक्कम तिनें अनाथ मुलांच्या एका घरासाठीं दिली. त्या घरास रौप्यविवाहाचें घर असेंच नांव पडलें. आपल्या आनंदाच्या दिवसाची भेट परक्याच्या निवाऱ्यास लावावी, ही कल्पना अशा रीतीनें त्या मंडळीच्या डोळ्यांपुढें दगडाविटांत उभी होती.

इ. स. १८७९ सालीं स्पर्जन यांच्या पाळकपणास पंचवीस वर्षें पूर्ण व्हावयाचीं होतीं. पाळक व मंडळी ह्यांचें नातें विवाहासारखें आहे, तेव्हां हा आपला रौप्यविवाहच होय, अशा भावनेनें मंडळीनें उत्सवाची तयारी चालविली. पाळकांस पांच हजार पौंडांची थैली अर्पण करावी, असा बेत ठरला. ही रक्कम लहान नव्हती. पण पंचवीस वर्षांत ज्यांचीं दुःखें ह्या पाळकांनीं वांटून घेतलीं होतीं असे लोक हजारोंनीं होते, व प्रत्येकास कांहीं तरी द्यावयाचें होतें. पाळकांच्या कानीं हा बेत गेला. त्यांनीं मंडळीचें मन मोडलें नाहीं. उत्सव नको, थैली नको, असा रुक्ष नकारही दिला नाहीं. परंतु त्यांतील एक पैसाही आपणांस नको, अशी त्यांनीं अट घातली. मग तो पैसा कोणास द्यावा?

मंडळीच्या ताब्यांत एक जुना वृद्धाश्रम होता. पूर्वींचे पाळक डॉ. जॉन रिपन ह्यांच्या काळापासून तो चालत आला असून पुढें वॉलवर्थ येथें त्याच्या नव्या खोल्या बांधल्या होत्या. मंडळींतील निराधार म्हाताऱ्या स्त्रिया तेथें राहत. त्यांस राहावयास खोली मिळे खरी. परंतु त्यांच्या अन्नवस्त्राची तरतूद करण्यास आश्रमाचा कायमचा निधि पुरेसा नव्हता. जोंवर मंडळीची भरभराट आहे तोंवर ठीक. पण आपल्यामागें दिवस पालटले तर ह्या म्हाताऱ्यांनीं काय करावें, ही चिंता पाळकांस लागून राहिली होती. अनाथ मुलांकडे पाहून लोकांस सहज दया येते. सुरकुतलेल्या म्हातारीकडे पाहून ती तितकी लवकर येत नाहीं. म्हणून आपल्या गौरवाची रक्कम ह्या आश्रमाचा कायमचा निधि व्हावी, असें त्यांनीं सुचविलें, आणि मंडळीनें तें आनंदानें मान्य केलें.

रक्कम जमविण्यासाठीं इ. स. १८७८ च्या अखेरीस व पुढील वर्षाच्या आरंभीं मंडळीनें टॅबर्नॅकलमध्यें धर्मार्थ बाजार भरविला. अशा बाजाराची रीत आमच्या शाळेंतील मुलींस चांगली माहीत आहे. ज्यांच्या हातीं रोख पैसा नाहीं ते आपल्या हातांचे श्रम देतात. कोणी विणकाम देतें, कोणी शिवणकाम, कोणी खाद्यपदार्थ. आणि ते विकून पैसा उभा राहतो. त्यामुळें श्रीमंताच्या मोठ्या देणगीच्या शेजारीं गरिबाच्या कष्टांसही मानाची जागा मिळते. पाळक मात्र ह्या गडबडीच्या दिवसांत संधिवाताच्या दुखण्यानें हैराण झाले होते. जानेवारींत वैद्यांच्या सल्ल्यावरून त्यांस फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर मेंटोन येथें हवापालटासाठीं जावें लागलें. ज्याच्यासाठीं उत्सव तोच परदेशीं आजारी, अशी स्थिति झाली. तरी काम थांबलें नाहीं. ते परत आल्यावर मे महिन्यांत सभा भरून थैली अर्पण करण्यांत आली. ठरविलेल्या पांच हजारांच्या जागीं सहा हजार पौंडांहून अधिक जमले होते. त्यांतील पांच हजार पौंड वृद्धाश्रमाच्या निधीस दिले, व उरलेली रक्कम त्यांनीं इतर परोपकारी कामांस वांटून दिली. मंडळीनें पाळकांस दिलें, पाळकांनीं तें मंडळींतील सर्वांत दुबळ्या माणसांस दिलें, आणि दोघांचाही आनंद दुणावला.

पांच वर्षांनीं, ता. १८ व १९ जून १८८४ रोजीं, त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा समारंभ झाला. पहिल्या सायंकाळीं अमेरिकेचे प्रसिद्ध उपदेशक मूडी हजर होते. दुसऱ्या सायंकाळीं गिरण्यांतील मुलांचे कैवारी लॉर्ड शॅफ्ट्सबरी अध्यक्षस्थानीं होते. त्या वेळीं स्पर्जन यांच्या देखरेखीखालीं किंवा त्यांच्या मंडळीच्या आश्रयानें चालणाऱ्या संस्थांची यादी वाचून दाखविण्यांत आली. ती सासष्ट नांवांची भरली. साडेचार हजार पौंडांची दुसरी थैली मिळाली, आणि तिचाही मोठा भाग त्यांनीं निरनिराळ्या कामांकडे वळविला. व्यासपीठावर त्यांचे वृद्ध वडील जॉन स्पर्जन बसले होते. पाव पेनीच्या उधारीवरून ज्यास रडविलें, तो मुलगा हजारों पौंड हातीं येतांच ते दुसऱ्यांस देऊन टाकतो, हें त्या पित्यास आपल्या डोळ्यांनीं पाहावयास मिळालें. मुलांवर कडक नजर ठेवणाऱ्या आईबापांस ह्याहून मोठें फळ तें कोणतें?

त्यांच्या पत्नी सुझॅनाबाई ह्यांचा वृत्तांत दिल्यावांचून ही हकीकत पुरी होत नाहीं. इ. स. १८६८ पासून त्या बहुतेक आजारीच असत. परंतु इ. स. १८७५ सालीं पतीच्या एका पुस्तकाच्या शंभर प्रति गरीब पाळकांस फुकट वांटण्याची त्यांस इच्छा झाली, व त्यासाठीं त्यांनीं वर्षानुवर्षें जपून ठेविलेलीं पांच-पांच शिलिंगांचीं नाणीं बाहेर काढिलीं. त्यांतून एक ग्रंथनिधि उभा राहिला, आणि त्यांच्या हयातींत त्या निधीतून लाखाहून अधिक पुस्तकें गरीब उपदेशकांच्या घरीं पोंचलीं. ज्या घरांत पत्नी अंथरुणावरून असें काम करी, त्या घरांतील पतीस थैलीचा मोह झाला नाहीं, ह्यांत नवल नाहीं.

अखेरच्या वर्षांत स्पर्जन यांस सुख मिळालें नाहीं. मतभेदांमुळें इ. स. १८८७ सालीं त्यांनीं बॅप्टिस्ट युनियन सोडिली, व पुष्कळ जुने स्नेही दुरावले. प्रकृति ढांसळतच गेली. ता. ७ जून १८९१ रोजीं टॅबर्नॅकलमध्यें त्यांचा शेवटचा उपदेश झाला, आणि ता. ३१ जानेवारी १८९२ रोजीं मेंटोन येथें वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षीं त्यांनीं देह ठेविला. त्यांचा देह लंडनास आणून नॉर्वुडच्या स्मशानभूमींत पुरण्यांत आला. त्यांचें तें भव्य मंदिर इ. स. १८९८ सालीं आगींत जळालें. पुन्हां बांधलें तें इ. स. १९४१ सालीं बाँबवर्षावांत उद्ध्वस्त झालें; आणि युद्धानंतर तिसऱ्यांदा उभें राहिलें. मनुष्याच्या हातचीं दगडाचीं कामें अशीं पडतात व उठतात. परंतु ज्या म्हाताऱ्यांस त्या थैलीमुळें आपल्या उतारवयांत पोटाची काळजी करावी लागली नाहीं, त्यांचें सुख कोणत्याही आगीस परत घेतां आलें नाहीं.

आतां कोणी म्हणेल कीं स्पर्जन यांची पुस्तकें खपत, त्यांचें घर चालत होतें, म्हणून त्यांस थैली देऊन टाकणें साधलें. ज्या खेडेगांवच्या पाळकाचें वेतन तुटपुंजें, मुलांची फी भरतांना ज्याची ओढाताण होते, त्यानें काय करावें? हा प्रश्न अगदीं रास्त आहे, व त्याचें उत्तरही ह्याच चरित्रांत आहे. वॉटरबीचच्या शेतकऱ्यांनीं दिलेला पाव व भाजीपाला तरुण स्पर्जन यांनीं कृतज्ञतेनें घेतला, कारण त्या वेळीं त्यांस त्याची गरज होती. लंडनची थैली त्यांनीं पुढें पोंचविली, कारण त्या वेळीं गरज दुसऱ्यांची होती. दोन्ही ठिकाणीं मंडळीचें प्रेम खरें व पाळकाचें मनही तेंच. ज्या पाळकाच्या घरीं अडचण आहे त्याच्या हातीं थैली देऊन, ती परोपकारास लाव, अशी अपेक्षा करणारी मंडळी दुसऱ्याच्या ताटांतून दानधर्म करिते, असें आम्ही म्हणूं.

तेव्हां आमच्या विद्यार्थ्यांस आमचें सांगणें एवढेंच. तुमच्या मंडळींत पाळकांचा किंवा शाळेंत एखाद्या वृद्ध शिक्षकांचा सत्कार करण्याचा प्रसंग आला, तर हार आणा, गीतें म्हणा, मंडप फुलांनीं सजवा; उत्सवास शोभेल असा आनंद करा. परंतु कमिटीच्या पहिल्याच बैठकींत यादीच्या शिरोभागीं दोन ओळी लिहून ठेवा. पाळकसाहेबांच्या घरीं कशाची उणीव आहे, याची त्यांच्या नकळत चौकशी करावी. आणि तशी उणीव नसेल, तर त्यांच्या मनास कोणाची चिंता लागून राहिली आहे, हें त्यांस विचारावें. कदाचित् ती एखादी एकटी म्हातारी असेल, कदाचित् फी न भरल्यामुळें शाळा सोडण्याच्या बेतांत असलेला तुमच्याच वर्गांतील एखादा मुलगा असेल. त्या चिंतेचा भार त्यांच्या डोक्यावरून उतरविला, तर मानपत्राचे चार शब्द कमी पडले तरी चालतील.